सार्वजनिक चिरा

आषाढात आमच्या परसाचा गडगा, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची कुंपणाची भिंत, पडला. पाखाडीच्या, म्हणजे लगतच्या पायवाटेच्या, कडेचं गटार तुंबलं, पाणी गडग्याच्या बुडाशी शिरलं, माती गेली आणि रात्री धप्प! गटार पंचायतीचं, गडगा माझा. म्हणजे तुंबायचा हक्क त्यांचा, पडायचा माझा. पंचायतीत तक्रार केली तर उलट मलाच ऐकवलं, "चिरे पाखाडीत आलेत, रहदारीला अडथळा होतोय. लवकर उचला." रहदारी म्हणजे दोन म्हशी आणि अण्णा.

गणपती तोंडावर, म्हणून हातापाया पडून गवंडी आणला. त्याने पहिला थर लावला तोच अण्णा छत्री टेकत आले, पडलेल्यांतला बरासा चिरा निवडला आणि त्यावर बसले.

"खाण कुठली?"

"जुनेच चिरे आहेत, अण्णा. वडिलांच्या वेळचे."

"म्हणून टिकले. चिरा खाणीतनं निघतो तेव्हा मऊ असतो, वारा खाऊन घट्ट होतो. आता थांबतोय कोण? सकाळी काढला, दुपारी भिंतीत."

हे खरंच होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

"अण्णा, जरा उठता? तो चिरा हवाय."

"हा? हा पाखाडीत आहे."

"पडलाय पाखाडीत. आहे आमचा."

"मोजणी केलीस?"

"चिऱ्याची?"

"जागेची रे! गडगा तुझ्याच हद्दीत होता कशावरनं? तुझा आजोबा दर पावसाळ्यानंतर वीतभर पुढे सरकायचा."

आजोबा जाऊन जमाना झाला, नाहीतर त्यांनाच बोलावलं असतं. मोजणी म्हणजे भूमी अभिलेखात अर्ज करा, फी भरा, लगतवाल्यांना नोटिसा जाऊ द्या, तारखेची वाट बघा. तोवर गुरं भेंडीचा वाफा साफ करणार. आणि लगतवाले कोण? तर पाखाडी. म्हणजे पुन्हा पंचायत. गवंडी थापी मांडीवर ठेवून हे सगळं तन्मयतेने ऐकत होता. ऐकण्याचाही रोज मीच देत होतो.

चहा आला. अण्णा बसल्या जागीच प्यायले, बशी माझ्याच दुसऱ्या चिऱ्यावर ठेवून. शेवटी सर आली तेव्हा उठले. पण सर आल्यावर गवंडीही उठला.

वडिलांचा गडगा कोरडा रचलेला होता. सांधी-सांधीतून पाणी झिरपून जायचं. आता सगळा सिमेंटचा कारभार, तेव्हा पाणी तुंबून पुन्हा भिंत ढकलू नये म्हणून गवंड्याने मध्येमध्ये पाइपाचे तुकडे बसवले. काम संपलं त्या संध्याकाळी अण्णांनी एकेका भोकात छत्रीचं टोक घालून पाहिलं.

"म्हणजे तुझ्या परसातलं पाणी आता आमच्या पाखाडीवर?"

पाखाडीचं अख्खं गटार माझ्या परसात आलं तेव्हा ते कोणाचं पाणी होतं, हे कोणी विचारलं नाही. काल पंचायतीचा शिपाई येऊन भोकं मोजून गेला. आता बुचं भोकांना मारायची की अण्णांच्या तोंडाला, एवढंच ठरायचं आहे.