पक्क्या रंगाचा टॉवेल

शनिवारी संध्याकाळी मी आकाशी रंगाचा एक टर्किश टॉवेल ३४० रुपयांना विकत घेतला. तो मला नको होता. मला फडक्यांसाठी फाडता येतील असे दुय्यम प्रतीचे चार टॉवेल हवे होते, कारण पावणेतीन वर्षांच्या आमच्या चिरंजीवांचा डायपर सोडवण्याचा उद्योग घरात पाच आठवडे चालू आहे आणि त्यात सगळे जुने पंचे, वडिलांचे एक धोतर आणि माझे दोन बनियन कामी आले आहेत.

उद्योगाची प्रगती सांगण्यासारखी नाही. बदकाच्या आकाराचे भांडे आणले, त्यात तो मोटारी लावून ठेवतो. डॉक्टरांनी सांगितले की साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल आपणहून तयार होते, दोन-दोन तास चड्डी कोरडी राहू लागली की वेळ आली असे समजावे, आणि जबरदस्ती मुळीच करू नये, कारण मग मूल शी दाबून धरते आणि बद्धकोष्ठाचे वेगळेच दुखणे मागे लागते. म्हणून आम्ही जबरदस्ती करीत नाही, फक्त मागे फिरतो. पुढे चिरंजीव, मागे भांडे घेऊन मी, त्यामागे फडके घेऊन पत्नी. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात, पण ते निदान ठरलेल्या ठिकाणी थांबतात.

हे सारे उन्हाळ्यात उरकावे, कपडे चटकन वाळतात, असा आईचा सल्ला. पारा ४३ अंशांवर असताना सोलापुरात काहीही वाळते. प्रश्न धुण्याचा आहे. ११७ टीएमसीचे उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे आणि आमच्या नळाला पाणी चार दिवसांआड येते. मुलाच्या मूत्राशयाला वेळापत्रक असावे असा आग्रह धरणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांच्या गावात नळालाच वेळापत्रक नाही, हे त्याला कोणत्या तोंडाने समजवावे?

तर शनिवारी मी त्याला घेऊन टॉवेलच्या दुकानात गेलो. निघण्यापूर्वी वीस मिनिटे भांड्यावर बसवले होते. तो बदकाशी बोलत बसला. डायपर घातला नव्हता, कारण घरात पत्नीने “आता माघार नाही” असे जाहीर केले होते. गादीवर मालकांचे वडील बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. वय ऐंशीच्या पुढचे, आयुष्य मागापाशी गेलेले. मी “दुय्यम माल आहे का” असे विचारीत असतानाच चिरंजीव समोरच्या आकाशी थप्पीवर चढले, अचानक गंभीर झाले आणि त्यांची नजर दूर कुठेतरी स्थिरावली. ही नजर मी ओळखतो. ओळखून आजवर काहीही उपयोग झालेला नाही.

मी ओशाळून क्षमा मागू लागलो. अप्पांनी हाताने मला गप्प केले, मुलाला बाजूला सरकवले आणि वरचा टॉवेल दोन बोटांनी उचलून उलटा केला.

“पाठ बघा,” ते म्हणाले. माझ्याकडे नव्हे, लातूरहून लग्नाच्या खरेदीला आलेल्या दोन बायकांकडे. “खालच्या टॉवेलवर एक थेंब उतरलाय का? हात लावून बघा की.”

बायकांनी हात लावला नाही, पण वाकून पाहिले. खालचा टॉवेल खरोखर कोरडा होता.

“हे पाणी नाही बरं का. ह्यात खार असतोय. कच्चा रंग असता तर आत्ता बोटाला निळा लागला असता.” त्यांनी स्वतःचे बोट सगळ्यांना दाखवले. “दुसऱ्या दुकानात असं दाखवतील का तुम्हाला?”

दाखवणार नाहीत, हे दोघींनी मान्य केले. मग अप्पा माझ्याकडे वळले. “भांड्यावर बसवता काय? भांड्यावर कुणी सोडतंय का? पायावर घ्यावं लागतंय.” आणि त्यांनी गादीवर दोन्ही पाय पसरले, पावलांवर घडी केलेल्या नॅपकिनांचे एक डझन बसवले, त्याला पाठीमागून हातांचा आधार दिला आणि भर दुकानात लांब, सुरेल “शूऽऽऽ” काढला. चिरंजीव मंत्रमुग्ध होऊन पाहत राहिले. माझ्या लक्षात आले की या मुलाने माझे एकही वाक्य आजवर इतक्या एकाग्रतेने ऐकलेले नाही. कामावरचा पोरगा हसून हसून मागच्या खोलीत गेला. मी मात्र घामाघूम होऊन लादी कोरडी आहे ना, हेच पाहत होतो.

“तुम्ही स्वतः किती वर्षांचे असताना सुटला?” अप्पांनी विचारले.

मी ते आठवत नसल्याचे सांगितले.

“आईला विचारा. घराण्यात असतंय ते.”

लातूरच्या बायकांनी आकाशी रंगाचेच सहा टॉवेल घेतले, अर्थात थप्पीच्या तळाचे. माझ्या हाती वरचा टॉवेल वर्तमानपत्रात गुंडाळून आला, आणि त्याचे ३४० रुपये पुरेपूर लावण्यात आले. माझ्या मुलाच्या कर्तबगारीवर दोन हजारांचा माल खपला होता, तेव्हा निदान वरचे चाळीस सोडावेत असे मी सुचवून पाहिले. अप्पा म्हणाले, “एकच भाव आहे आपला. वापरलेला माल मी परत घेत नाही, तुम्ही भाव कमी करायला सांगताय.” यावर मला उत्तर सुचले नाही. रात्री अकरा वाजता तीन उत्तम उत्तरे सुचली.

पायऱ्या उतरताना त्यांनी मागून हाक मारली.

“पुढच्या आठवड्यात चादरींचा नवा माल येतोय. पोराला घेऊन या की.”

घरी येऊन पत्नीला काही न सांगता मी टॉवेल बादलीत टाकला. आज मंगळवार. तो अजून बादलीतच आहे, कारण पाणी बुधवारी पहाटे येणार आहे, आले तर.