अॅजिनकोर्टच्या सरदारांना यारी लागत नव्हती

गेल्या आठवड्यात माझा चौदा वर्षांचा भाचा आगपेटीच्या काड्या, शिवणाचा दोरा आणि गोंदाची बाटली पुढे घेऊन काहीतरी जोडत बसलेला दिसला. गेले वर्षभर तो 1415 साली फ्रान्समध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेल्या अॅजिनकोर्टच्या लढाईचा एक लहानसा डायोरामा, म्हणजे छोट्या मूर्तींनी मांडलेला देखावा, रचतो आहे. त्यात आतापर्यंत साठेक मूर्ती रंगवून झाल्या आहेत, आणि चिखलाच्या छटेवरून आमचे दोनदा भांडणही झाले आहे. काड्यांचे काय चालले आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, "मावशी, यारी करतोय, म्हणजे क्रेन. सरदारांना घोड्यावर चढवायला. कप्पीला काय लावू?" शेजारी डबीत त्याने गुडघ्यावर बसलेले तीन चिलखती सरदार बाजूला काढून ठेवले होते. एकदा खाली बसलेला सरदार पुन्हा उठूच शकत नसे, त्यामुळे त्या मूर्ती 'चुकीच्या' आहेत, असे त्याला त्याच सकाळी कळले होते. कळले ते आजोबांनी घरच्या ग्रुपवर पाठवलेल्या निरोपातून.

हा निरोप बहुतेकांपर्यंत पोहोचलेला असेल. एका भव्य डायोरामाचे छायाचित्र आणि त्याखाली सांगितलेली पाच 'सत्ये' असे त्याचे स्वरूप आहे. असे मोठे डायोरामे म्हणजे लढाईचे जणू त्रिमित छायाचित्रच असून प्रत्येक सैनिकामागे एक मूर्ती मोजून लावलेली असते, हे पहिले. चिलखताचे वजन शंभर किलो असल्याने सरदारांना यारीने घोड्यावर चढवावे लागे, हे दुसरे. मूर्तींच्या हातातल्या जाडजूड तलवारी पाहा, त्या पंधरा किलोच्या असत, हे तिसरे. प्रेतांचे ढीग माणसाच्या उंचीहून वर गेले होते, हे चौथे. पकडलेल्या तिरंदाजांची दोन बोटे छाटत आणि त्यातूनच बोटांनी 'व्ही' दाखवण्याची पद्धत पडली, हे पाचवे. शेवटी 'पुस्तके वाचण्यापेक्षा एकदा हे पाहा' असा सल्लाही जोडलेला आहे. इतर चुका मी सोडून दिल्या असत्या. हा सल्ला वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

सुरुवात यारीपासून करते, कारण ती आमच्या घरात प्रत्यक्ष उभी राहिली आहे. पंधराव्या शतकातल्या पत्र्याच्या पूर्ण चिलखताचे वजन साधारण वीस ते पंचवीस किलो, काही वेळा थोडे अधिक असे, आणि ते पाठीवरच्या पोत्यासारखे एका जागी लटकत नसून खांदे, कंबर, हात आणि पाय यांवर वाटलेले असे. प्रत्येक सांध्याला पत्र्याचे तुकडे एकमेकांवर सरकतील अशी रचना होती. गुडघा वाकावा म्हणूनच गुडघ्याची वाटी वेगळी घडवत. ज्या पोशाखात माणसाने लढायचे, त्यात त्याला खाली बसून उठता येणार नसेल तर तो पोशाख कोणी कशासाठी शिवेल, एवढा साधा प्रश्नही निरोप लिहिणाऱ्याला पडलेला नाही.

याचा पुरावा त्याच लढाईत आहे. फ्रान्सचा मार्शल, म्हणजे वरिष्ठ सेनाधिकारी, बुसिको अॅजिनकोर्टला लढला, कैद झाला आणि 1421 साली इंग्लंडमध्ये कैदेतच वारला. त्याच्या हयातीत लिहिल्या गेलेल्या चरित्रात त्याच्या तरुणपणीच्या सरावाचे वर्णन आहे. शिरस्त्राण वगळता पूर्ण चिलखत घालून तो कोलांटी उडी मारी, रिकिबीत पाय न ठेवता घोड्यावर झेप घेई, आणि शिडीच्या उलट्या बाजूने नुसत्या हातांवर चढून जाई. चरित्र गौरवपर आहे आणि बुसिको काही सरासरी सरदार नव्हे, हे मान्य. पण जिथे उत्तम माणूस कोलांटी मारतो तिथे मध्यम माणसाला यारी लागते, हे तर्काला धरून नाही. शिवाय अॅजिनकोर्टला फ्रेंचांचे बहुसंख्य चिलखतधारी पायीच चालून गेले होते. घोडदळाच्या तुकड्या होत्या, पण त्या बगलांवर आणि संख्येने थोड्या. म्हणजे या लढाईच्या डायोरामात यारी उभी करायची तर ती उचलणार तरी कोणाला?

मग ही कल्पना आली कुठून? लोकांच्या डोळ्यांसमोर ती पक्की करणारे एक दृश्य 1944 सालच्या 'हेन्री पाचवा' या चित्रपटात आहे, ज्यात याच लढाईपूर्वी एका फ्रेंच सरदाराला दोरखंडाने वर उचलून घोड्यावर सोडतात. दृश्य गमतीदार आहे. ते पुरावा नाही.

यातले अर्धसत्य मात्र नाइलाजाने कबूल करते. चिलखत माणसाला जागेवर खिळवत नसले तरी दमवत असे. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या स्वयंसेवकांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वास मोजला, तेव्हा चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक भरली. पायांवरचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, ही त्यामागची कारणे. आता त्यात रात्रभर पडलेला पाऊस, नुकतेच नांगरून पेरलेले शेत आणि समोरून येणारे बाण मिळवा, म्हणजे फ्रेंच सरदार इंग्रज रांगेपर्यंत पोहोचेतो अर्धमेले का झाले हे समजते. चिखलात पडलेल्या माणसावर दुसरा आणि तिसरा कोसळला की उठणे अशक्य होई, हेही खरे. पण ते गर्दीमुळे आणि चिखलामुळे होई, चिलखताच्या वजनामुळे नव्हे. भाच्याचे गुडघ्यावर बसलेले तिघे जण म्हणूनच त्या देखाव्यातले सर्वांत खरे सरदार आहेत.

तलवारींचा दावा डायोरामा कसा घडतो हे ठाऊक नसल्यामुळे निर्माण झाला आहे. 28 मिलिमीटरची मूर्ती ढोबळमानाने साठाव्या हिश्शाची असते. खऱ्या तलवारीचे पाते काही मिलिमीटर जाडीचे, म्हणजे मूर्तीच्या हातात ते कागदापेक्षाही पातळ व्हायला हवे. तसे पाते साच्यातून निघत नाही, आणि निघाले तरी रंगाचा पहिला हात देतानाच मोडते. म्हणून मूर्तिकार ते मुद्दाम जाड ठेवतात. भाच्याच्या एका मूर्तीची तलवार मी मोजपट्टीने मोजली. ती एक मिलिमीटर भरली, म्हणजे प्रत्यक्षात सहा सेंटिमीटर जाडीचा लोखंडी ओंडका. हात आणि डोकीही अशीच प्रमाणाबाहेर मोठी घडवतात, नाहीतर हातभर अंतरावरून चेहरा दिसणारच नाही. तेव्हा छायाचित्रातली जाडी पाहून वजनाचा अंदाज बांधायचा, तर पंजांच्या आकारावरून ते सगळे राक्षस होते असेही मानावे लागेल. एका हाताने चालवायची खरी तलवार एक ते दीड किलोची असे.

आता पहिला दावा, ज्यावर बाकीचे सगळे उभे आहेत. अॅजिनकोर्टला सहाशे वर्षे झाली त्या निमित्ताने 2015 साली ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयाने या लढाईचा एक मोठा डायोरामा करवून घेतला. सुमारे चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा तो असून त्यात चार हजारांहून अधिक मूर्ती आहेत. काम अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही. पण साठाव्या हिश्शाने चार मीटर म्हणजे केवळ 240 मीटर जमीन. दोन्ही बाजूंच्या रानांमधले ते शेत पाऊण किलोमीटरहून रुंद होते असे सहसा सांगितले जाते. ते प्रमाणात दाखवायचे तर नुसत्या रुंदीलाच बारा-तेरा मीटरांचे मेज लागेल, आणि मधल्या मूर्तीवरची धूळ झटकायला कोणाला तरी छताला टांगावे लागेल. (यारीचा उपयोग इथे होऊ शकेल.) म्हणून असे डायोरामे एकतर लढाईचा एखादाच तुकडा उचलतात, नाहीतर जमीन आखडून घेतात. झाडे बुटकी करतात, अंतरे कमी करतात. ही फसवणूक नाही, या कलेची रीतच आहे. पण त्रिमित छायाचित्र तिला म्हणता येत नाही.

आणि 'मोजून लावलेल्या' मूर्ती मोजायच्या कशावरून? इतिहासकार अॅन करी यांनी इंग्लंडच्या खजिन्यातली वेतनपत्रे आणि हजेरीपट तपासून 2005 साली जी मांडणी केली, तिच्यानुसार इंग्रज नऊ हजारांच्या आसपास आणि फ्रेंच बारा हजारांच्या आसपास होते. इतर अभ्यासक इंग्रजांना सहा हजारांवर आणतात आणि फ्रेंचांना वीस हजारांच्या पलीकडे नेतात. इंग्रज सैन्याबरोबर असलेल्या धर्मगुरूच्या समकालीन वृत्तांतात फ्रेंचांचा आकडा साठ हजार आहे. म्हणजे एकास दीड की एकास चार की एकास दहा, हाच वादाचा विषय आहे. करींचा आकडा घेतला तरी दोन्ही सैन्ये मिळून एकवीस हजार होतात, आणि त्या हिशेबाने संग्रहालयाच्या मेजावर साधारण पाच माणसांमागे एक मूर्ती येते. मेजावर किती फ्रेंच उभे करायचे हे ठरवताना कर्त्याला कोणत्या तरी एका अभ्यासकाची बाजू घ्यावीच लागते. डायोरामा पाहणारा माणूस म्हणजे कोणाचे तरी मत पाहत असतो, मग ते मत कितीही अभ्यासपूर्ण असो.

हे मत किती ओढाताणीचे असते, त्याचे उदाहरण मध्ययुगातले नसले तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूचा, म्हणजे 1815 साली नेपोलियनचा पराभव झाला त्या लढाईचा, जो डायोरामा 1838 साली लंडनमध्ये लोकांपुढे मांडला, त्यात सत्तर हजारांहून अधिक इवल्या मूर्ती होत्या आणि तरीही एक मूर्ती दोन सैनिकांच्या जागी होती. जमिनीचे प्रमाण मैलाला नऊ फूट, मूर्ती मात्र त्या मानाने कितीतरी मोठ्या. त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती असे विचारले होते. साक्षीदार जिवंत, लढाई जेमतेम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, रणभूमीची पाहणी त्याने स्वतः केलेली. एवढे असून ब्रिटिशांच्या मदतीला आलेले प्रशियाचे सैन्य त्या घटकेला कुठवर पोहोचले होते यावरून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाशी त्याचा वाद झाला आणि शेवटी प्रशियन मूर्तींपैकी बऱ्याचशा त्याने काढून टाकल्या. तो डायोरामा आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. जिथे सत्तर हजार मूर्ती एका तासाचे निर्विवाद चित्र देऊ शकल्या नाहीत, तिथे सहाशे वर्षांपूर्वीची लढाई चार हजारांत 'जशीच्या तशी' उतरली, असे म्हणणे धाडसाचे आहे.

उरलेल्या दोन दाव्यांवर फार शाई खर्चण्यासारखे काही नाही. प्रेतांचे ढीग माणसाच्या उंचीहून वर गेल्याचे त्याच धर्मगुरूने लिहिले आहे, म्हणजे निरोपवाल्याने ते मनाने रचलेले नाही, एवढे त्याचे श्रेय. परंतु माणसे कोसळताना भिंत रचल्यासारखी एकावर एक चढत नाहीत, हा लष्करी इतिहासकार जॉन कीगन यांनी 1976 सालीच घेतलेला आक्षेप मला पटतो. बोटांच्या कथेलाही एक धागा आहे. फ्रेंच तुमच्या उजव्या हाताची तीन बोटे छाटू म्हणतात, असे इंग्लंडचा राजा हेन्री पाचवा याने आपल्या तिरंदाजांना सांगितल्याचा उल्लेख पंधराव्या शतकातल्या एका वृत्तांतात सापडतो. मात्र तिथे बोटे तीन आहेत, आणि त्या धमकीला 'व्ही'च्या खुणेशी जोडणारा त्या काळचा कोणताही पुरावा नाही.

हे सगळे मी आमच्या वडिलांना, म्हणजे भाच्याच्या आजोबांना, फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "पण फोटो तर खरा आहे ना?" असे विचारले. फोटो खरा आहे, बाबा. त्याखाली लिहिलेले खरे नाही.

भाच्याने तिन्ही सरदार डबीतून काढून पुन्हा चिखलात रोवले आहेत. आता त्याला बुसिकोची मूर्ती करायची आहे. त्याच्या ढालीवर चंदेरी रंगावर तांबडा, दोन डोक्यांचा गरुड हवा, आणि नखाएवढ्या जागेत दुसरे डोके काही केल्या मावत नाही. यारी त्याने मोडलेली नाही. मध्ययुगात याऱ्या होत्याच, दगड आणि पिंपे उचलण्यासाठी, हे मी सांगितल्यावर ती आता हार्फ्लरच्या धक्क्यावर जाणार आहे. त्याच मोहिमेत, लढाईच्या महिनाभर आधी, हेन्रीने वेढा घालून घेतलेले ते बंदर. कप्पीला शर्टाचे बटण लावले आहे आणि ते फिरते.