पाकीट हरवलेला भाऊ

कापूस विकून आर्णीच्या स्टँडवर पाय ठेवला, की या लोकायले खिशाचा वास कसा येते, देव जाने!

'भाऊ, ठेकेदारानं पैसे बुडवले, पाकीट बी गेलं. लेकरू सकाळपासून उपाशी हाय. बायकोले घेऊन नांदेडले जायचं हाय, पाचशे द्या.' गोष्ट तीच, ठेकेदार तोच. उपाशी लेकरू तं मागच्या दिवाळीपासून तेवढंच हाय, वाढतच नाही बाप्पा!

मी म्हटलं, चाला, तिकीट काढून देतो. मार्च २०२३ पासून बाईमाणसाले यष्टीत अर्धंच तिकीट लागते, पाचशे कायले पायजे? तं म्हणते, 'नगदीच द्या.' आलूबोंडा घेऊन दिला, तो लेकरानं दोन घासात संपवला (ते मात्र खरंच भुकेलं होतं). बाप तवापर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकापाशी!

अन् आता तं कहरच. सुट्टे नाहीत म्हटलं, तं मोबाइल पुढं करते, 'स्कॅन करा.' अबे, मोबाइल हाय, खातं हाय, मंग घरच्यायलेच फोन लावून मागव ना!

याच्याहून जास्त खदखद दुसऱ्याच गोष्टीची हाय. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पांढरकवड्याचा एक मजूर पोरगा भेटला, खिसा खरंच कापलेला. तो बोलायच्या आतच मी हात हलवला, 'पुढं हो.' शेवटी पानठेल्यावाल्यानं त्याचं तिकीट काढून दिलं. मी तिथंच उभा होतो, खर्रा घोटून घेत.