साबळेची गरिबी पाठ झाली, आता वेळा पाठ करा

धावपटू अविनाश साबळेचं नाव निघालं की आपल्याकडे गोष्ट ठरलेली. आष्टी तालुक्यातलं मांडवा, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, पायी शाळा, मग लष्कर. परवा पुण्यात तळजाई टेकडीवर आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये हीच गोष्ट पुन्हा रंगली. मी विचारलं, त्याचा रेकॉर्ड किती? सगळे गप्प. त्यातले दोघं स्वतःच्या हाफ मॅरेथॉनची वेळ सेकंदासकट सांगतात!

गोष्ट खरीच आहे. पण तिच्यात त्याचं पळणं कुठंय?

२०२२ म्हटलं की लोकांना नीरज चोप्राचा स्टॉकहोमचा ८९.९४ मीटरचा भाला आठवतो. आठवायलाच हवा. पण माझ्या लेखी ते वर्ष साबळेचं. ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम आधीपासून त्याच्याच नावावर होता, ८:१८.१२, टोकियो ऑलिंपिकमधला. मार्चमध्ये तिरुअनंतपुरमला त्यानं तो ८:१६.२१ वर आणला, जूनमध्ये रबातला ८:१२.४८ आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०. सगळी सुधारणा मिळून जेमतेम सात सेकंद. पण त्या वेगानं सात सेकंदांत माणूस चाळीसेक मीटर पुढे जातो, हे ध्यानात घ्या. आणि मधेच मे महिन्यात अमेरिकेत ५००० मीटर पळून बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा १३:२९.७० चा विक्रमही मोडला. १३:२५.६५. तो त्याचा मुख्य प्रकारसुद्धा नाही हो!

स्टीपलचेस म्हणजे काय हे एकदा जवळून बघा. साध्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं होतं. इथला अडथळा जाड, जड तुळईचा, छातीपर्यंत नाही पण चांगला तीन फुटी. तो हलत नाही, तुम्हीच पडता. असे २८, शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा. भिजलेले बूट, दमलेले पाय, आणि शेवटच्या फेरीत सगळ्यात जोरात पळायचं. त्यामुळे 'विक्रम कसले, हल्लीचे बूटच भारी' म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. बुटांचा फायदा असेल, पण तो तर सगळ्यांनाच.

बर्मिंगहॅमला पुढे केनियाचा अब्राहम किबिवोट, ८:११.१५. फरक ०.०५ सेकंद, म्हणजे अंतरात मोजलं तर जेमतेम फूटभर. १९९८ ते २०१८ पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाकडेच गेली होती. तिथे हा घुसला. आपल्याकडे मात्र 'सोनं थोडक्यात हुकलं' एवढंच!

काही जण म्हणतील, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत यूजीनला तो अकरावा आला, ८:३१.७५, त्याचं काय? बरोबर. पण ती शर्यतच रांगत सुरू झाली, जिंकणारा सुफियान अल बक्कालीसुद्धा ८:२५.१३ ला आला. तिथं घड्याळाशी नाही, शेवटच्या फेरीच्या डावपेचांशी झुंज होती, आणि त्यात साबळे कमी पडला. हेही सांगायला हवं. खेळाडू म्हणून त्याची चिकित्सा करा की, नुसती कणव कशाला?

तळजाईच्या मंडळींसाठी: आत्ताचा आकडा ८:०९.९१. पॅरिस डायमंड लीग, जुलै २०२४. उद्या सकाळी विचारणार आहे.