ऑईल नेमकं जातंय कुठं

आमच्या बाबांची गाडी 1999 ची, पेट्रोल, आणि बाबांच्या मते अजून एकदम टकाटक, फक्त ऑईल पिते. हे "फक्त" मी गेली दोन वर्षं ऐकतोय. इंजिनात मावतं तीन लिटर आणि महिन्याला अर्धा-पाऊण लिटर गायब. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर बशीएवढा डाग पडला तोपर्यंत ठीक होतं, पण डाग समोरच्या काकूंच्या रांगोळीकडे सरकायला लागला तेव्हा मला लक्ष घालावंच लागलं.

ऑईल जायला रस्ते दोनच, एकतर गळतं नाहीतर जळतं, एवढं मला माहीत होतं. सोसायटीतल्या लोकांना बरंच जास्त माहीत होतं. एकजण म्हणाले रिंगा गेल्यात (पिस्टनभोवतीच्या, ऑईल वर जाऊ न देणाऱ्या), हाफ इंजिन करून टाका, म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती. दुसरे म्हणाले काही करू नका, जाडं ऑईल घाला आणि गप बसा. तिसऱ्यांनी गाडी विकून टाकायचा सल्ला दिला, त्यांच्याच भाच्याला.

मिस्त्री मात्र म्हणला, साहेब आधी इंजिन धुवा आणि पावडर मारा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण कसंय, गळणारं ऑईल गाडी पळताना वाऱ्यानं मागं आणि खाली ओघळत जातं, म्हणजे थेंब जिथं लटकतोय तिथं लीक नसतोच, तो वरनं कुठूनतरी आलेला पाहुणा असतो, म्हणून ब्रश घेऊन डिझेलनं सगळं साफ करायचं, कोरडं करायचं, वरनं टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी थोडी फिरवून पहिल्यांदा ओलं कुठं होतंय ते बघायचं. घरात पावडर होती ती बायकोची, चंदनाची. गरम इंजिन, जळकं ऑईल आणि चंदन असा वास जिन्यानं वर गेला तशी आई गॅलरीत येऊन हळूच म्हणली, "कोण गेलं रे?"

ओघळ सापडला. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. रबराचं असतं म्हणे ते, आमचं निघालं ते चकलीसारखं, हातात घेतलं की कडाकड तुटत होतं, आणि तिथनं झिरपलेलं ऑईल गरम सायलेन्सरवर पडून वास यायचा. नवीन बसवलं, मिस्त्रीनं बोल्ट बेतानंच आवळले (जास्त आवळलं की पॅकिंग पिचतं). रात्री गाडीखाली पुठ्ठा घातला. तीन दिवस पुठ्ठा कोरडा. चहा पाजला सगळ्यांना.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, ऑईल परत कमी आहे. आणि आता धूर पण निळा.

म्हणजे जळतंय. यात पण प्रकार आहेत: चढाला गाडी दाबल्यावर धूर आला तर रिंगांवर संशय, उताराला गिअरमधे सोडून एकदम अॅक्सिलरेटर दिल्यावर भस्सकन आला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हवरनं ऑईल आत झिरपू न देणारं रबर. आता चालवणाऱ्याला स्वतःच्या सायलेन्सरचा धूर दिसणार कसा, म्हणून मेहुण्याला स्कूटरवर मागं ठेवून यवतेश्वरच्या घाटात गेलो. वर पोचल्यावर त्यानं माझ्या पैशानं दोन कणसं खाल्ली आणि रिपोर्ट दिला, "दाजी, चढाला बी आहे, उताराला बी आहे आणि सपाटीला तर इचारूच नका."

म्हणजे रिंगा पण आणि सील पण. मिस्त्रीनं इंजिनकामाचा आकडा सांगितला, मी तिथल्याच टायरवर बसलो. पण माणूस खरा कारागीर, खोलायच्या आधी त्यानं प्लग काढून एकेका सिलिंडरचं प्रेशर मोजलं. सगळीकडे ओके, म्हणजे रिंगा ठीक. मग डोकं खाजवत एअर फिल्टर उघडला तर तो पेपरवर निथळत ठेवलेल्या भज्यासारखा ऑईलनं चिंब. त्यानं काही न बोलता खाली घमेलं सरकवलं आणि इंजिनाखालच्या ऑईल चेंबरचा नट काढला. ऑईल येतच राहिलं. मोजलं तर चार लिटरला थोडंच कमी.

"काका, ह्यात ऑईल कोण घालतं?"

"मी," बाबा म्हणाले. आणि त्याच वेळी मी पण "मी" म्हणलं.

तर झालेलं असं, बाबा मंडईतनं आले की गाडी उतारावर लावून लगेच डिपस्टिक बघायचे. खरं तर गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, वर गेलेलं ऑईल चेंबरमधे उतरू द्यायचं, मग काडी पुसून परत घालून बघायचं. यांना नेहमी कमीच दिसायचं, आणि ओतताना हात सैल, कारण पंगतीत कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं. मी दर शनिवारी अंदाजानं ओतायचो, काडी न बघताच, कारण ती पुसायला फडकं कधी सापडत नाही. दोघांनी एकमेकाला सांगितलं नाही. गळती थांबल्यावरसुद्धा आमचा हप्ता चालूच. वर आलेल्या ऑईलला क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, रवीसारखा घुसळत होता, त्याचा ताकासारखा फेस ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातनं एअर फिल्टरमधे आणि तिथनं परत इंजिनात जाऊन जळत होता.

आता ऑईलचा कॅन आईच्या ताब्यात आहे, स्वयंपाकघरात, गोडेतेलाच्या डब्याशेजारी. काल बाबा काडी घेऊन थेट ओट्यापाशी आले. आईनं चष्मा लावला, काडी ट्यूबखाली धरून बघितली.

"भरपूर आहे. ठेवा जागेवर. आणि जाताना फरशी पुसा, गळतंय."