प्रिंटर गेला, वहिवाट राहिली

दुकानातला जुना प्रिंटर भंगारवाल्याने किलोवर नेला. काट्यावर घातला, पैसे दिले, हातगाडीवर टाकला आणि गेला. मी नवा आणला. नव्यावर पहिली प्रिंट दिली, तर कॉम्प्युटरने ती जुन्याकडेच पाठवली. म्हणजे भंगारवाल्याकडे. नवा प्रिंटर शेजारी हिरवा दिवा लावून बसलाय, गिऱ्हाईक खुर्चीवर बसलंय आणि स्क्रीनवर अक्षरं आली आहेत : ‘ऑफलाइन’.

माझं अमळनेरात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची अॅडमिशन. असल्या दुकानात कॉम्प्युटर बिघडला की सल्ल्याला कमी नसते. रिचार्जवाला म्हणाला, बंद करून चालू करा. समोरचा टेलर म्हणाला, वायर उलटी लावा. जी उलटी लागूच शकत नाही, ती. तिसऱ्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याने दोन मिनिटं घरघर केली आणि लाल अक्षरात जाहीर केलं की तुमचे ढीगभर ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला एकेक यंत्र चालवायला शिकवणारे प्रोग्रॅम) कालबाह्य झालेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा. शोधणं फुकट, काढणं विकत.

तेवढ्यात धुळ्याचा भाचा सुट्टीला आला. बीसीए करतो. मामाकडे आमरस खायला आला होता, पण कॉम्प्युटर दिसला की त्या पिढीला जेवण सुचत नाही. “मामा, सरका,” म्हणाला आणि खुर्ची घेतली.

त्याने आधी ती लाल यादी वाचली. यादीतल्या कित्येक ड्रायव्हरांची तारीख एकच : २१ जून २००६. “मामा, हा माझ्यापेक्षा मोठा आहे,” असं म्हणून तो काढायला निघाला होता. पण मग त्यानेच कुठेतरी वाचून सांगितलं की विंडोजबरोबर येणाऱ्या खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर ही तारीख मुद्दाम टाकलेली असते. ड्रायव्हर मागच्या वर्षी लिहिलेला असला तरी तारीख २००६चीच. कारण एवढंच, की कंपनीने स्वतःच्या यंत्रासाठी दिलेला ड्रायव्हर तारखेने नवा ठरावा आणि त्याला मान मिळावा. म्हणजे ते लाल सॉफ्टवेअर ज्यांना म्हातारे म्हणून हिणवत होतं, ते चांगले धडधाकट कामकरी होते. ते सॉफ्टवेअर मात्र आम्ही लगेच काढलं. तेही जाताना ‘का जाऊ म्हणता?’ असं विचारून गेलं.

मग भाच्याने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली यंत्रांची यादी, उघडला, व्ह्यूमध्ये जाऊन ‘शो हिडन डिव्हायसेस’वर टिचकी मारली, आणि मला माझा सगळा धंदा फिकट चित्रांत दिसला. जे यंत्र आता जोडलेलं नाही, त्याचं चित्र तिथं पुसट दिसतं. मागची अंगठ्याची मशीनं, लॉकडाऊनमधला वेबकॅम, नेटचं जुनं डोंगल. फॉर्मचे फोटो घ्यायला जोडलेले गिऱ्हाइकांचे मोबाइल. पेनड्राइव्ह तर नावानिशी : ‘लग्न फायनल’, त्याखाली ‘लग्न फायनल नवीन’. माझा माऊस एकच, पण स्वस्तातला, त्याला स्वतःचा सिरियल नंबर नाही. तो ज्या ज्या भोकात खुपसला, त्या त्या भोकाची वेगळी नोंद. गिऱ्हाइकांना रोज सातबारा काढून देतो, म्हणून मला हे दृश्य ओळखीचं वाटलं. आजोबा जाऊन जमाना झाला, तरी खातेदारात नाव आहेच. पण सातबाऱ्यासाठी निदान सरकारने २०२५ मध्ये मयतांच्या जागी वारस लावायची ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. इथं अर्जदार आपण, तलाठी आपण आणि फेरफार मंजूर करणारे मंडळ अधिकारीही आपणच.

पुसट नोंदी भराभर निघाल्या. राइट क्लिक, अनइन्स्टॉल, पुढची. ‘सिस्टम डिव्हायसेस’ला हात लावायचा नाही, एवढं मी बजावलं, कारण तिथल्या पुसट नोंदी आपल्याला कळत नाहीत आणि कळत नाही ते काढू नये. यादीतून नाव गेलं तरी ड्रायव्हरची फायली-गठडी विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये तशीच असते. विस्थापित यंत्र परत जोडलं की ती उघडून हजर. मुळापासून काढायचं तर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर हटवण्याच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागते. मध्ये लाइट गेली. रीस्टार्ट तेवढा फुकटात झाला.

खरा सामना जुन्या प्रिंटरशी. प्रिंटर पुसला, तरी ड्रायव्हर जाईना. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढा’ म्हटलं, तर उत्तर आलं की हा ड्रायव्हर सध्या ‘इन यूज’ आहे.

“कोण वापरतंय?” मी विचारलं. भाच्याने खोलीत नजर फिरवली. आम्ही दोघंच होतो, आणि कूलर.

वापरत होता स्पूलर. प्रिंटा रांगेत उभ्या करणारा हा विंडोजचा कारकून. त्याच्या फोल्डरात कधीकाळची अर्धवट प्रिंट अडकून पडली होती आणि ती छापल्याशिवाय जुन्या प्रिंटरला सोडायचं नाही असा त्याचा हट्ट. भाच्याने सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर थांबवला, फोल्डर रिकामं केलं, स्पूलर पुन्हा चालू केला आणि तो सावध व्हायच्या आत ड्रायव्हर काढला. या वेळी तक्रार नाही. नव्या प्रिंटरमधून कागद सरसर बाहेर आला. मी त्याला दोन वाट्या रस जास्त कबूल केला.

इथं थांबायला हवं होतं. पण पोरगा तापला होता. “मामा, ग्राफिक्सचा पण जुनाट वाटतो,” म्हणत त्याने त्यालाही खूण करून अनइन्स्टॉल दिलं. स्क्रीन काळी झाली, आणि परत आली ती बटाट्याएवढ्या अक्षरांत.

सातबारा न्यायला आलेले एक आबा तेवढा वेळ बाकावर बसून सगळं बघत होते. ते चष्मा न लावता पुढे सरकले.

“आते दिसस बरं! अस्संच ऱ्हाऊ दे.”

आणि खरंच, त्यांनी आपला उतारा स्क्रीनवरच वाचून काढला. एका नावावर बोट ठेवलं.

“हाऊ मना मोठा भाऊ. भाऊ जाईसन पंधरा वरीस व्हयनात. तुमी काढीच राह्यनात, ते हाई नाव बी काढी टाका ना भो.”

मी सांगितलं, आबा, ते इथून निघत नाही. तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यावा लागतो.

आबांनी कागदाची घडी केली, बंडीच्या खिशात घातली.

“जाईसन उनू. तठे बी हाईच सांगतस. इन यूज.”