स्वतःचं नशीब स्वतः (बि)घडवा

आजकाल जो उठतो तो सांगतो की नशीब स्वतः घडवायचं असतं. अगदी बरोबर आहे. मी माझं घडवलंय, पूर्ण स्वकष्टाने, कोणाचं काही न ऐकता, आणि आता रिटायर झाल्यावर हाताशी भरपूर वेळ आहे (वेळच आहे), तेव्हा म्हटलं चार अनुभवाचे बोल तुम्हाला पण सांगावेत, म्हणजे माझ्यासारखं पस्तीस वर्षं खपावं लागणार नाही, शॉर्टकटने इथे पोचाल.

सगळ्यात आधी, घाई करू नका. पंचविशीत म्हातारपणाचा विचार कोण करतं राव? मला पहिल्या नोकरीत कोणीतरी एक दोन पानी फॉर्म आणून दिला होता, पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापून म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे वगैरे. मी म्हटलं बघू, आणि ड्रॉवरमध्ये टाकला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने तिथल्या तिथे भरून दिला, तर आम्ही सगळे त्याला त्या दिवसापासून आजोबाच म्हणायला लागलो.

आता गणितवाले लोक म्हणतात की वर्षाला ८ टक्के वाढ धरली आणि एकाने २५ व्या वर्षापासून फक्त १० वर्षं पैसे टाकून नंतर एक दमडी टाकली नाही, आणि दुसऱ्याने ३५ पासून ६० पर्यंत सलग २५ वर्षं तेवढेच टाकले, तरी साठीला पहिल्याकडेच जास्त पैसे असतात, थोडेथोडके नाही, एक तृतीयांशाहून जास्त. हे मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, कॅल्क्युलेटर बिघडलाय असं वाटलं म्हणून. पण तुम्ही असल्या चक्रवाढीच्या नादी लागू नका, कारण त्यात करायचं काहीच नसतं, नुसतं टाकायचं आणि विसरायचं, मग घडवल्याचं समाधान कुठून मिळणार?

समाधान पाहिजे तर शेअरची टिप घ्या. टिप देणारा माणूस कॉन्फिडंट असला पाहिजे, एवढंच बघायचं. तो फी किती घेतो हे विचारणं असभ्यपणाचं आहे, दोन टक्क्यांनी काय होतंय! (एकदाच टाकलेल्या पैशांवर ३५ वर्षांत ८ च्या जागी ६ टक्के मिळाले तर शेवटची रक्कम जवळजवळ निम्मी होते, पण इतक्या लांबचं कोण बघतो.) आणि घेतलेलं रोज उघडून बघायचं, पडलं की घाबरून विकायचं, चढलं की हुरूप येऊन पुन्हा घ्यायचं. याला काही लोक घाबरटपणा म्हणतात, मी अ‍ॅक्टिव्ह राहणं म्हणतो.

संधीच्या बाबतीत म्हणाल तर माझा आदर्श अलेक्झांडर फ्लेमिंग. १९२८ साली गडी प्रयोगशाळेतल्या जंतूंच्या बश्या तशाच ठेवून सुट्टीवर गेला, परत येऊन बघतो तर बुरशी, आणि त्यातून पेनिसिलिन! म्हणून मीही कधी टेबल आवरलं नाही. आता तो आधी कित्येक वर्षं जंतूच बघत बसला होता, म्हणून त्या बुरशीभोवतीचे जंतू मेलेत हे त्याच्या लक्षात आलं, दुसऱ्या कोणी बशी धुऊन टाकली असती, असली फाटे फोडणारी माणसं सगळीकडे असतात. माझ्या टेबलावर पण बुरशी आली होती. मी वास येतोय म्हणून खिडकी उघडली.

तब्येतीचं वेगळं सांगायला नको. गुडघे फुकट मिळालेत, वापरू नका, झिजतात. मित्रांचंही तसंच, रिटायर झाल्यावर निवांत फोन करू म्हणून जपून ठेवायचे. मी बरेच जपून ठेवले होते. आता फोन केला की आधी कोण बोलतंय ते सांगावं लागतं.

हां, एक मात्र आहे, खरंखुरं नशीब नावाचा प्रकार पण असतो आणि तो आपल्या घडवण्याला अजिबात जुमानत नाही. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटी जिथे पोचला होता तिथे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, म्हणजे चौतीस वर्षं. तेव्हा शिखरावर सगळी पुंजी त्यातच टाकून रिटायर झालेल्या माणसाने काय पाप केलं होतं? चुकीच्या साली साठ वर्षांचा झाला, एवढंच. कुठल्या घरात जन्मलो, कुठल्या साली नोकरीला लागलो, ऐन वेळेला आजारी पडलो की नाही, यातलं आपण काय घडवलं हो? पण रिटायरमेंटच्या भाषणात हे कोणी सांगत नाही. तिथे नियम सोपा आहे, चांगलं झालं की आपलं कर्तृत्व, वाईट झालं की ग्रह. मीही भाषण केलं. ग्रहांवर.

परवा आजोबा भेटला. आम्ही ठेवलेलं नाव आता वयालाही शोभतं त्याला. नोकरी दोन वर्षं आधीच सोडली, रोज पाच किलोमीटर चालतो, आठवड्यातून एकदा जुनी गँग जमवतो. मी म्हटलं, नशीबवान आहेस लेका! तो म्हणाला, "अरे हो ना," आणि खरंच तसं वाटत असल्यासारखा हसला. त्या फॉर्मचा विषय त्याने काढला नाही, माणूस सभ्य आहे.

घरी आलो आणि ऑफिसातून आणलेला खोका शेवटी उघडला. तळाशी होता तो फॉर्म, पिवळा पडलेला. नाव मोठ्या झोकात लिहिलंय, जन्मतारखेचा पहिला आकडा पण टाकलाय. त्याच वेळी बहुतेक कोणीतरी चहाला हाक मारली असणार. आता सांगा, ह्यात माझा काय दोष?